राजाने न वाचलेला अर्ज

इरा आणि नील, तुमचे आजोबा गेले त्याला आता सात आठवडे झाले. त्या दिवशी गुरुवार होता. ते नेहमीसारखे सकाळच्या बसने शेजारच्या गावातल्या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात वाचायला गेले होते आणि मी इकडे ब्राउनश्वाइगला घरी इस्त्री करत होते. साडेअकराला फोन वाजला. तिथल्या वाचनकक्षातल्या बाईंचा आवाज मी ओळखते, आजोबा डबा विसरले की त्याच फोन करायच्या. त्या म्हणाल्या, "फ्राउ बापट, तुम्ही जरा बसता का?" मी उभीच राहिले. हेर बापट टेबलावर डोकं टेकून बसलेले दिसले, वाचता वाचता डुलकी लागली असेल असं त्यांना वाटलं, म्हणून पंधरा मिनिटं त्यांनी कोणालाही त्यांच्याजवळ जाऊ दिलं नाही... एवढं सांगून त्या रडायला लागल्या आणि मीच त्यांची समजूत घातली. त्या पंधरा मिनिटांनी काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मी इस्त्री बंद केली, शर्टाची एक बाही राहिली होती ती तशीच ठेवली आणि तुमच्या आईला फोन लावला. तिकडे बॉस्टनला पहाटेचे साडेपाच वाजले असणार. "केतकी, बाबा गेले," म्हटलं.  मग ती म्हणाली, "ओके. मी येते." रडली नाही, कसे गेले हेही विचारलं नाही. फोन ठेवल्यावर मी शर्टाची राहिलेली बाही पूर्ण केली. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही.

त्याच्या आधीच्या रविवारी तुम्ही दोघं आजोबांशी बोलला होतात, ते तुमचं शेवटचं बोलणं. दर रविवारी आमच्या पाच वाजता तुमचा फोन यायचा. तुमची आई टॅबलेट टेबलावर उभा करायची, "आजोबा आलेत" म्हणायची आणि खोलीतून निघून जायची. तुम्हाला त्यात काही वावगं वाटलं नसणार, कारण तुम्ही जन्मापासून तेच बघत आलात. त्या रविवारी इरा, तुझ्या शाळेचा प्रकल्प होता, अमेरिकेतल्या वसाहती इंग्लंडच्या राज्यापासून का फुटल्या त्याची कारणं लिहायची. आजोबांना किती आनंद झाला होता! नातीने आपण होऊन त्यांचा विषय काढला होता. तास कसा गेला तेही त्यांना कळलं नाही. शेवटी तू तुझ्या इंग्रजीत एक प्रश्न विचारलास, त्याला उत्तर देता देता ते थांबले आणि म्हणाले, "हे पुढच्या रविवारी सांगतो. आणि इरा, त्या दिवशी आईलाही बसायला सांग." तो रविवार आला नाही. तुझा प्रश्न तसाच राहिला, म्हणून हे लिहायला घेतलं. मी इतिहासातली नाही. पुण्याला मिशनरी शाळेत शिकले, आमच्या पुस्तकात हा सगळा विषय एका पानात आटोपला होता... कर, चहा, युद्ध, स्वातंत्र्य. चार कारणं पाठ केली, चारही लिहिली, पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्यानंतर साठ वर्षं त्या पानाची आठवणसुद्धा झाली नाही.

आजोबांना हा विषय कसा लागला ते आधी सांगते. ते काही इतिहासकार नव्हते. मिरजेहून पुण्याला, पुण्याहून इथल्या तंत्र विद्यापीठात शिष्यवृत्तीवर आले आणि मग जवळच्या मोटारकारखान्यात गिअरबॉक्सच्या विभागात निवृत्त होईपर्यंत राहिले. निवृत्तीनंतर दोन महिने त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे आकाराप्रमाणे लावले, तेव्हा मी म्हटलं, "अहो, बाहेर काहीतरी बघा, नाहीतर मी तरी बाहेर पडते." मग ते जुनं जर्मन हस्ताक्षर वाचायला शिकवणाऱ्या एका वर्गाला जायला लागले. तिथे सरावासाठी जे कागद दिले जात, ते इथल्या सैनिकांच्या घरच्यांचे होते. अडीचशे वर्षांपूर्वी इथल्या ड्यूकने आपली तरणी मुलं इंग्लंडच्या राजाला भाड्याने दिली होती, अमेरिकेतल्या बंडखोरांशी लढायला. त्यातली जवळजवळ निम्मी परत आली नाहीत. काही मेली, काही तिकडेच शेती करून राहिली. आजोबांनी स्वतःच्या कष्टाने वाचलेला पहिला पूर्ण कागद म्हणजे एका विधवेचा ड्यूकला केलेला अर्ज होता, माझा एकुलता मुलगा आहे, त्याला पाठवू नका. घरी आल्या आल्या बूटही न काढता त्यांनी मला तो अर्थ लावून सांगितला. "पुढे काय झालं?" मी विचारलं. "काही नाही. अर्ज आला एवढीच नोंद आहे. उत्तराची नोंद नाही." दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. ही पोरं कुठल्या भांडणात मरायला गेली ते भांडण मुळात काय होतं, एवढंच त्यांना शोधायचं होतं. त्यात पुढची बारा वर्षं गेली.

जेवताना, भाजी निवडताना, ट्राममध्ये, ते मला तेच सांगत. खरं तर ते माझ्यावर सराव करत. एकदा मला म्हणाले, "वसू, सांग बघू, इंग्लंडने चहा पूर्वीपेक्षा स्वस्त केला, तरी तिकडच्या लोकांनी तो पेट्याच्या पेट्या समुद्रात टाकला. का?"

"तुम्ही मला न विचारता दूध बदललंत, तेव्हा मी काय केलं होतं?"

"अगं, ते दूध चांगलं होतं. आणि स्वस्तही."

"होतं ना. तरी मी त्याचं दही लावलं नाही."

ते इतके हसले की ट्राममधले लोक वळून बघायला लागले. मग म्हणाले, "गेनाऊ! अगदी हेच. हे मी भाषणात घेणार." इथे इतकी वर्षं राहून अगदी मनापासून काही पटलं की त्यांच्या तोंडून जर्मनच निघायचं.

तेव्हा इरा, तुझ्या वहीसाठी आजोबांनी सांगितलेली कारणं अशी. तिकडच्या लोकांना जवळजवळ शंभर-दीडशे वर्षं आपला गाव आपण चालवायची सवय झाली होती. मध्ये एवढा समुद्र, पत्र जायला-यायला महिने लागत. त्यामुळे कर काय बसवायचा, रस्ता कुठे काढायचा, ते त्यांच्या त्यांच्या सभा ठरवत. इंग्लंडनेही फार लक्ष घातलं नाही. मग फ्रेंचांशी मोठं युद्ध झालं, तिजोरी रिकामी झाली आणि लंडनला एकदम आठवण झाली की आपली लेकरं तिकडे आहेत, त्यांनी हातभार लावावा. कागदावर कर बसला, वर्तमानपत्रापासून पत्त्यांच्या डावापर्यंत. तो ओरड करून मागे घ्यायला लावला, तर दुसऱ्या वस्तूंवर बसला. कर फार मोठे नव्हते. पण ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही माणूस नाही ते आपल्यासाठी ठरवणार, हे त्यांना मान्य नव्हतं. चहा टाकला त्याची शिक्षा म्हणून तुमच्याच गावाचं बंदर बंद केलं, त्यांची सभा मोडली, सैन्य आणून ठेवलं. प्रत्येक वेळी लंडनला वाटत होतं की थोडं कडक वागलं की पोरं सरळ येतील, आणि प्रत्येक कडक गोष्टीबरोबर जे कालपर्यंत गप्प होते तेही त्यांच्या विरुद्ध जात होते. तू मध्येच म्हणालीस की त्या लोकांनी स्वतः गुलाम ठेवले होते. आजोबा म्हणाले, "हो. आपल्याला विचारलं नाही म्हणून ज्यांना राग आला, त्यांनी आपल्याच घरातल्या कितीतरी माणसांना कधी काही विचारलं नव्हतं. हे मोठ्या अक्षरात लिही." आणि शेवटी ते अर्जावर आले. लढाई सुरू झाल्यावरसुद्धा त्या लोकांनी राजाला एक नम्र अर्ज लिहिला होता, की आम्ही तुमचेच आहोत, अजून मिटवता येईल. तो अर्ज समुद्र ओलांडून लंडनला पोचला आणि राजाने तो हातात घ्यायला नकार दिला. तेव्हा तू तुझा प्रश्न विचारलास. "पण आजोबा, त्याने नुसता वाचला का नाही?"

तू विचारलास तसाच, जवळजवळ त्याच शब्दांत, हा प्रश्न त्यांना त्या रविवारच्या दोन आठवडे आधीही कोणीतरी विचारला होता. फेब्रुवारीत इथल्या एका छोट्या सभागृहात त्यांचं भाषण झालं. वीसेक माणसं, बहुतेक आमच्याच वयाची. मी तिसऱ्या रांगेत. दुधाची गोष्ट आली तेव्हा सगळे हसले आणि माझ्याकडे बघायला लागले. भाषण फार चांगलं झालं. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला आणि विचारलं, "हेर बापट, राजाने तो अर्ज वाचला असता तर?" आजोबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आल्झो..." म्हणजे "तर...", एवढंच म्हणाले. सभागृहात इतकी शांतता झाली की संयोजक बाईंनीच आभार मानून टाकले. सगळ्यांना वाटलं, म्हातारा दमला. ते कशाने गप्प झाले ते त्या वीस माणसांत मला एकटीला माहीत होतं. आता ते तुम्हालाही सांगते, कारण आई खोलीतून का निघून जाते ते तुम्ही कधीतरी विचारणारच.

तुमची आई एकोणीस वर्षांची होती. शाळेची शेवटची परीक्षा होऊन ती मैत्रिणींबरोबर डेन्मार्कला समुद्रावर तंबूत राहायला गेली होती. तिने दोन विद्यापीठांत अर्ज केले होते, एक इथे ब्राउनश्वाइगला, कारण आजोबांनी सांगितलं, आणि एक डार्मश्टाटला, कारण तिला स्वतःला तिथे जायचं होतं. अंतराळयानं तिथून चालवतात, लहानपणी एकदा आम्ही तिला तिथे नेलं होतं, तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच. ती तंबूत असताना डार्मश्टाटचं पाकीट आलं. आमच्या घरी सगळ्यांची पत्रं आजोबा उघडत. मिरजेला त्यांचे वडीलही तेच करायचे, दुपारच्या पंगतीत सगळ्यांची पत्रं फोडून मोठ्याने वाचायचे, मग ते पत्र सुनेच्या माहेरचं का असेना. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. इथे दुसऱ्याचं पाकीट फोडणं हा गुन्हा आहे, शाळेत मुलांना शिकवतात, केतकीने आम्हाला दोन-तीनदा सांगितलंही होतं. आजोबा म्हणायचे, "दुसऱ्याचं म्हणजे कोणाचं? घरचंच आहे ना?" आणि फॉर्म तर सगळे तेच भरायचे, तिचे, माझे, शेजारच्या तुर्की कुटुंबाचेसुद्धा. तर त्यांनी पाकीट उघडलं. जागा मिळाली होती. दहा दिवसांत होय किंवा नाही कळवायचं होतं. इथली जागा आधीच मिळाली होती, घरापासून सायकलने पंधरा मिनिटं. त्यांनी 'नाही'च्या चौकोनात खूण केली, खाली तिची सही केली, आणि फॉर्म परत गेला.

केतकी परत आली, उन्हाने काळी होऊन, आणि पत्राची वाट बघायला लागली. रोज खाली पेटीपाशी जाऊन बघायची. शेवटी तिने डार्मश्टाटला फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं, तुम्हीच नको म्हणून कळवलंय, तुमची सही आहे. त्या दिवशी आजोबा कामावरून येऊन जेवायला बसले होते. मी ओट्याशी होते.

"बाबा, माझी सही तुम्ही केलीत?"

"मुदत संपत होती. तुझे फॉर्म मीच भरतो ना?"

"मला फोन का नाही केलात?"

"तंबूत कसला फोन करणार? आणि घराजवळ इतकी चांगली जागा मिळाली आहे..."

"मी तुम्हाला विचारलं होतं का, घराजवळ काय आहे?"

"आवाज खाली. एवढं काय आभाळ कोसळलंय? पुढे एमेस्सीला जा डार्मश्टाटला."

"तुम्ही सांगाल तेव्हा."

"हो, मी सांगेन तेव्हा. बाप आहे मी तुझा."

तीन दिवसांनी तिने त्यांच्या ताटाशेजारी एक जाड पाकीट आणून ठेवलं. वर जर्मनमध्ये लिहिलं होतं, माझ्या वडिलांना. आजोबांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "दिवसभर कचेरीत जर्मन वाचतो मी. घरात मुलीचं पत्र जर्मनमध्ये वाचणार नाही. मराठीत लिही, वाचतो." ती म्हणाली, "जे लिहायचंय ते मला मराठीत येत नाही." "मग येईल तेव्हा लिही." त्यांनी पाकीट तिच्याकडे सरकवलं. तिने ते उचललं नाही. त्याच आठवड्यात ती मैत्रिणीकडे राहायला गेली, वर्षभर एका बेकरीत काम केलं, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करून डार्मश्टाटला गेली, आणि तिथून अमेरिकेला. या घरात ती पुन्हा कधी मुक्कामाला राहिली नाही. आली तरी तासभर, स्वयंपाकघरात, अंगातला कोटही न काढता. ते पाकीट मी तिच्या नावाच्या फाइलमध्ये लावून ठेवलं. म्हणजे जे पत्र त्यांचं नव्हतं ते त्यांनी उघडलं, आणि जे खरोखर त्यांचं होतं ते बावीस वर्षं तसंच राहिलं.

भाषणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती फाइल मागितली. पाकीट काढून टेबलावर ठेवलं. चहा गार झाला तरी बघत बसले. मी म्हटलं, "उघडा ना. तुमच्याच नावाचं आहे."

"तेव्हा होतं. आता तिला विचारायला हवं. तिची इच्छा नसेल तर?"

"तर तसं सांगेल ती."

"माझ्याशी बोलेल का ती, वसू?"

मी गार झालेला चहा ओतून दुसरा ठेवला. त्यानंतर दोन रविवार त्यांनी धीर केला नाही. आणि तिसऱ्या रविवारी तुझा प्रश्न आला, म्हणून ते म्हणाले, आईलाही बसायला सांग. इरा, तू आईला ते सांगितलंस की नाही मला माहीत नाही. सांगितलं नसशील तर त्यात तुझी काही चूक नाही.

तुमची आई आली ती हॉटेलात उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात बसली, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने कोट काढून खुर्चीवर टाकला. मी ते पाकीट तिच्यापुढे ठेवलं. तिने चिकटवलेली कड नखाने तपासली.

"उघडलंच नाही त्यांनी?"

"नाही."

"मला वाटायचं, मी गेल्यावर वाचलं असेल. वाचलं, आणि त्यावर बोलण्यासारखं त्यांना काही सापडलं नाही... मी इतकी वर्षं तसंच धरून चालले, आई."

मी तिला भाषणाचं सांगितलं, फाइलचं सांगितलं, रविवारचं सांगितलं. ती पाकिटावर हात ठेवून ऐकत होती. "काय लिहिलं होतंस?" मी विचारलं. "आता सगळं आठवतही नाही. विचारायचं होतं, दुसरं काय..." म्हणाली. उघडणार का, म्हटलं. तिने मान हलवली. "माझं नाहीये हे. बाबांचं आहे." दुपारी आम्ही अंत्यविधी करणाऱ्यांकडे गेलो तेव्हा तिने ते आजोबांच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवायला दिलं. इथे अस्थी घरी नेऊ देत नाहीत, नदीतही सोडू देत नाहीत, कायद्याने कलश पुरावा लागतो. त्यामुळे ते पत्रही, जे काही त्याचं उरलं असेल ते, इथल्याच मातीत आहे. त्यात काय होतं ते आता कोणालाच कळणार नाही.

त्या सकाळी, ती पाकिटावर हात ठेवून बसली होती तेव्हा, मला तिला एक गोष्ट सांगायची होती. तोंडापर्यंत आली होती. मी उठून चहाचे कप विसळले. म्हणून ती इथे लिहिते, आणि यापुढचं केतकी, तुला आहे.

तो फॉर्म आजोबांनी माझ्यासमोर भरला. 'नाही'चा चौकोन नक्की कुठला, ते त्यांनी मला विचारलं. फॉर्म ते भरत, पण सरकारी जर्मन माझं त्यांच्यापेक्षा बरं होतं, ग्रंथालयातल्या नोकरीत मी रोज तेच वाचत होते. मी बोट ठेवून दाखवलं. पाकीट मी बंद केलं, तिकीट मी लावलं, आणि कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीत मी जाऊन टाकलं. तुला फोन करावा असं मला वाटलं होतं. तुझ्या मैत्रिणीच्या आईकडे तिथला नंबर होता, हेही मला माहीत होतं. पण तू घराजवळ राहणार, हे मलाही हवं होतं... त्यांच्याहून जास्त हवं होतं. आणि त्या दिवशी बाबांशी भांडून झाल्यावर तू माझ्याकडे वळून विचारलंस, "आई, तुला माहीत होतं?" मी फोडणी देत होते. मान वरही न करता म्हटलं, "मला कुठे सगळं सांगतात हे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. ते जेवत राहिले. त्या दिवशी बोलले नाहीत, त्यानंतर बावीस वर्षं बोलले नाहीत, भांडणातसुद्धा नाही, आणि आमची भांडणं काही कमी झाली नाहीत. एकदा मीच म्हटलं होतं, सांगून टाकू का तिला. तर म्हणाले, "नको. दर बुधवारी तुला फोन करते ना ती? तेवढा राहू दे." तुझा बुधवारचा फोन मी बावीस वर्षं घेतला. तू कधी कधी त्यांच्याबद्दल कडू बोलायचीस आणि मी ऐकून घ्यायची. शेजारच्या खोलीत ते असायचे. तुला वाटत आलं की तुझे बाबा कधी कोणासाठी माघार घेत नाहीत. माझ्यासाठी त्यांनी रोज घेतली, आणि ती तुला दिसू नये याची व्यवस्था मी केली.

इरा, तुझ्या प्रश्नाचं आजोबा काय उत्तर देणार होते ते मला माहीत नाही. माझं उत्तर तुला प्रकल्पात लिहिता येणार नाही कदाचित. मला वाटतं, तो अर्ज वाचला की आपल्याला विचारण्याचा त्यांना हक्क आहे हे कबूल केल्यासारखं होईल, याची राजाला भीती वाटली असावी. आणि त्याच्याभोवती अशी माणसं असणार ज्यांना सगळं माहीत होतं, ज्यांनी खुणेचा चौकोन बोटाने दाखवला होता, आणि जी नंतर म्हणाली, आम्हाला कुठे काय सांगतात.

केतकी, हा लेख इथल्या मराठी मंडळाच्या पुरवणीने मागितला आहे. श्रीधररावांबद्दल चार ओळी लिहा, म्हणाले. त्यांना मी अजून काही पाठवलेलं नाही. हे आधी तुझ्याकडे येईल. मुलांना मराठी समजतं पण वाचता येत नाही, तेव्हा त्यांना वाचून दाखवायचं तर तुलाच दाखवावं लागेल. दाखवायचं की नाही, छापायला द्यायचं की नाही, दोन्ही तू ठरव. नाही म्हणालीस तर नाही. काहीच कळवलं नाहीस तरी मी त्याचा अर्थ होकार असा घेणार नाही. बुधवारी मी फोनपाशी असेन. तू केला नाहीस तर का नाही केलास ते मला समजेल.

एक गोष्ट मात्र तुम्हा तिघांना ठाऊक नाही, ती सांगून थांबते. तू घर सोडून गेल्यापासून त्यांनी दुसऱ्या कोणाचं पाकीट उघडलं नाही. माझं तर नाहीच, पण विजेचं बिल, घरमालकाची नोटीस, जिथे आमच्या दोघांची नावं असत तीही नाही. पेटीतून पत्रं आणायची, माझी माझ्यापुढे ठेवायची, आणि दोघांच्या नावाचं असलं की हातात धरून उभे राहायचे. "वसू, उघडू का?" मला हसू यायचं, कधी राग यायचा, हात कणकेत असायचे. "अहो, विजेचं बिल आहे ते, उघडा की!" तरी विचारायचे. आता त्यांच्या एकट्याच्या नावाची पत्रं येतात, पेन्शनवाल्यांची, विम्याची, त्या हस्ताक्षराच्या वर्गाची. टेबलाच्या त्यांच्या बाजूला मी ती तारखेप्रमाणे लावून ठेवली आहेत. इथे उत्तर द्यायला उशीर झाला की स्मरणपत्र येतं, काल पेन्शनवाल्यांचं दुसरं आलं, ते उघडायलाच हवं. सुरी घेतली, पाकीट हातात धरलं, आणि त्यांच्या खुर्चीकडे बघून विचारलं, "अहो, उघडू का?"

सुरी खणात ठेवली. मग पाकीट पुन्हा त्यांच्या बाजूला ठेवून दिलं.